स्कुबाचा हार्नेस कमरेवर बसवायचा, खांद्यावर नाही

नमस्कार मंडळी. आज फक्त हार्नेसबद्दल, म्हंजे स्कुबा करताना हवेची टँक पाठीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांबद्दल बोलणार आहे, मासे, कोरल, कॅमेरे हे सगळं नंतर कधीतरी. बेळगावातनं मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटाजवळ डाइव्ह करणारी, नाहीतर आंबोली घाट उतरून मालवण-तारकर्लीला जाणारी पोरंपोरी आता चिक्कार झालीत, आणि परत आल्यावर सगळी सांगतात की पाणी क्लिअर होतं, कासव दिसलं, आणि मग जरा वेळानं हळूच म्हणतात की खांदे जाम दुखले, मान अवघडली, छाती आवळल्यासारखी वाटत होती. स्कुबा म्हंजे असंच असतंय असं समजून सोडून देतात. तसं नसतंय. नीट बसवलेला हार्नेस पाण्यात अंगावर आहे याचा विसर पडतो, आणि पडत नसेल तर कुठला ना कुठला पट्टा चुकीच्या लांबीचा आहे.

आणि बहुतेक वेळा तो खांद्याचाच असतो, आणि बहुतेक वेळा तो जास्तच घट्ट असतो. आपल्या लोकांना वाटतं की पाण्यात जायचंय, पाठीवर एवढी मोठी टँक आहे, मग जेवढं ओढून बांधू तेवढं सेफ. बोटीवरचा पोरगाही घाईत असतो, तो खांद्याचे दोन्ही पट्टे खाली खेचतो आणि झालं म्हणतो. मला आज तुमच्या डोक्यातनं ही एकच गोष्ट काढायचीय, बाकीचं सगळं त्याच्या मागनं येतंय.

आधी वजन कुठं जातंय ते बघू. नेहमीची ॲल्युमिनियमची 80 क्युबिक फुटाची टँक, म्हंजे बाहेरची 80 क्युबिक फूट हवा दाबून आतल्या साधारण 11 लिटर जागेत बसवलेली, भरलेली असताना 17 किलोच्या आसपास भरते. त्यात नुसती हवाच अडीच किलोच्या वर असते, हवेला वजन असतंय हे इथं कळतं. स्टीलची बॅकप्लेट, म्हंजे टँक आणि पाठीच्या मधली पाटी, असेल तर अजून दोन-अडीच किलो. हे सगळं बोटीवर उभं असताना खाली ओढतंय, म्हंजे खांद्यावर येतंय, बरोबर. पण पाण्यात उडी मारली की गणित उलटं होतंय. विंगमधे, म्हंजे पाठीवरच्या हवेच्या पिशवीत, हवा भरली की ती वर ओढायला लागते, आणि पाण्यावर उभं तरंगताना अख्खा सेट तुमच्या पाठीवरनं वर कानाकडं सरकायला बघतो. त्यावेळी खांद्याचा पट्टा कितीही घट्ट असला तरी तो काही कामाचा नाही, कारण खांदा वर उघडाच आहे, वर जाणाऱ्याला तो अडवणार कसा? अडवतो तो कमरेचा पट्टा आणि पायांमधनं जाणारा क्रॉच स्ट्रॅप. आपल्याकडं शिवजयंतीच्या चित्ररथापुढं ढोल वाजवणारी पोरं ढोल कमरेला आवळून बांधतात, गळ्यात लटकवत नाहीत, म्हणून तर तासन्‌तास वाजवू शकतात आणि हात मोकळे राहतात. हार्नेसचंही तेच आहे, पकड कमरेत, खांद्यावर नुसता आधार.

1943 साली फ्रान्समधे कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग, म्हंजे टँकमधनं पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, केलं तेव्हा टँक पाठीला धरून ठेवायला साधे पट्टेच होते, हवा भरायची विंग नाही, जॅकेट नाही. पुढं तरंगायची सोय आली, जॅकेट आलं, त्याला पॅडिंग आलं, खिसे आले, आणि दुसरीकडं फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्या लोकांनी सगळं काढून टाकत टाकत परत साधेपणा आणला. विल्यम होगार्थ मेन नावाच्या केव्ह डायव्हरच्या नावानं आज ज्याला होगार्थियन हार्नेस म्हणतात तो म्हंजे 50 मिलिमीटर रुंदीचा एकच सलग पट्टा, मधे शिवण नाही, क्लिप नाही. प्लेटच्या वरच्या खाचेतनं निघतो, खांद्यावरनं पुढं येतो, काखेखालनं मागं जाऊन खालच्या खाचेतनं परत पुढं येतो आणि कमरेचा पट्टा होतो. म्हंजे लक्षात घ्या, खांदा आणि कंबर एकाच पट्ट्यात आहेत, खांद्याला ढील दिली की कंबर तेवढी कमी होते. म्हणून आधी खांदा ठरवायचा, मग कंबर, आणि पट्ट्याचं शेपूट सगळ्यात शेवटी कापायचं.

आता खांदा कसा ठरवायचा ते नीट ऐका, कारण इथं घाई करून चालत नाही. घरी टीशर्टवर माप घ्यायचं नाही. जो वेटसूट, म्हंजे अंगाला चिकटणारा रबरी सूट, घालून डाइव्ह करणार तोच घालायचा, 3 मिलिमीटरचा असेल तर तो, 5 चा असेल तर तो, कारण जाडी बदलली की माप बदलतं. टँक न लावता नुसती प्लेट पाठीला लावायची. प्लेटची वरची कड मानेच्या खाली, खांद्याच्या फऱ्यांच्या वरच्या भागात यायला पाहिजे, हात मागं टाकला की बोटांची टोकं तिला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर प्लेट खाली लोंबतेय, आणि पुढं टँक लावल्यावर वाल्वपर्यंतही हात पोचणार नाही, आणि गरज पडली की मागं हात नेऊन वाल्व उघडता-बंद करता यायलाच पाहिजे. मग छातीजवळ पट्ट्याखालनं हात घालून बघायचा, तळहात सपाट ठेवून आरामात सरकला पाहिजे, आणि मूठ केली तर पट्टा जरासा ताणला गेला पाहिजे. काखेत पट्टा रुतत असेल तर ढिला करा, लगेच करा. तिथनं हाताच्या नसा जातात, त्या दबल्या की बोटांत मुंग्या येतात, आणि मुंग्या आलेल्या हातानं इन्फ्लेटरचं, म्हंजे विंगमधे हवा भरायचं, बटण धड दाबता येत नाही.

खांद्याचा पट्टा बरोबर आहे का याची माझ्या मते सगळ्यात खरी परीक्षा म्हंजे तो काढून बघायचा. कमरेचं बकल सोडलं की डावा कोपर आत घेऊन हात पट्ट्यातनं निघाला पाहिजे, कुणाच्या मदतीशिवाय. नसेल निघत, दुसऱ्यानं ओढावं लागत असेल, तर तो हार्नेस घट्ट आहे. बोटीवर चढताना, नाहीतर खाली जाळ्याच्या दोऱ्यात अडकल्यावर हाच कोपर कामाला येतो. मालवणच्या काय आणि मुरुडेश्वरच्या काय, दोन्हीकडच्या पाण्यात मासेमारी चालते, त्यामुळं तुटक्या जाळ्याची भीती मी उगाच घालत नाही.

छाती आवळली की अजून एक होतंय, आणि ते दुखण्यापेक्षा वाईट. छाती पूर्ण फुगत नाही, मग माणूस वरचेवर छोटे छोटे श्वास घेतो, आतला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, डोकं दुखायला लागतं, उगाचच घाबरल्यासारखं होतं, आणि का घाबरलो ते त्यालाही कळत नाही. त्यात 20 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हंजे प्रत्येक श्वासाला तिप्पट हवा जाते. चाळीस मिनिटांची डाइव्ह पंचवीसमधे आटोपते आणि इन्स्ट्रक्टर म्हणतो तुझा श्वास जास्त आहे. श्वास जास्त असेलही, पण आधी त्या पोराचा पट्टा बघा की. भाड्यानं जॅकेट घेणार असाल तर बोटीवर चढायच्या आधी ते घालून पूर्ण फुगवा आणि पोटभर श्वास घ्या, घेता येत नसेल तर मोठा साईज मागा, लाजायचं कशाला. मालवणात दादाला सांगा जरा ढिलं करा, मुरुडेश्वरात अण्णाला सांगा स्वल्प लूज माडी, दोन्हीकडं हसत करून देतात.

कमरेचा पट्टा मात्र घट्ट पाहिजे, आणि तो कंबरेच्या हाडाच्या वर, बेंबीच्या आसपास बसला पाहिजे, पोटाखाली नाही. बकल अगदी मधे ठेवू नका, जरा उजवीकडं घ्या, कारण मधनं क्रॉच स्ट्रॅप येणार आणि त्याची रिंग बकलवर दाबून ते उघडू शकते. आणि इथं एक गोष्ट आहे जी पूलमधे कधीच कळत नाही. वेटसूटच्या निओप्रीनमधे बारीक बारीक गॅसचे बुडबुडे असतात, समुद्रात दर 10 मीटरला दाब एक बारनं, म्हंजे वरच्या हवेच्या दाबाएवढ्यानं, वाढतो, म्हंजे 10 मीटरवर तो दुप्पट आणि ते बुडबुडे जवळपास अर्धे. सूट पातळ होतो, वर घट्ट असलेला पट्टा खाली गेल्यावर सैल होतो, टँक डावी-उजवी डोलायला लागते आणि माणूस तोल सावरायला हात मारत बसतो. तेव्हा खाली पोचल्यावर कमरेचा पट्टा एकदा ओढून घ्यायचा, आणि वर येताना तो पोटाला चावायला लागला तर परत सोडायचा. खांद्याला खाली हात लावायचा नाही.

क्रॉच स्ट्रॅपबद्दल लोक बोलायला संकोचतात, विशेषतः चारचौघांत, पण त्याच्याशिवाय हे सगळं फुकट आहे. तो एवढाच लांब पाहिजे की सरळ उभं राहिल्यावर त्याच्याखालनं हात जाईल आणि पुढं वाकल्यावर तो टोचणार नाही. फार आखूड झाला तर प्लेट खाली खेचली जाते, खांदे परत दाबले जातात, आणि माणूस खांद्यालाच शिव्या देत बसतो. शिशाचा वेट बेल्ट वेगळा बांधत असाल तर क्रॉच स्ट्रॅप त्याच्या खालनं, म्हंजे अंगाच्या बाजूनं गेला पाहिजे, वरनं नाही, नाहीतर अडचणीत वजन सोडायची वेळ आली तर बकल उघडूनही बेल्ट तिथंच अडकून राहील. डाइव्हच्या आधी आपल्या बडीचं, म्हंजे जोडीदाराचं, हे एवढं तरी बघाच.

ताई लोकांसाठी वेगळं सांगतो. बॅकप्लेट बहुतेक एकाच मापाच्या येतात आणि त्या लांब धडाच्या माणसाला बऱ्या बसतात, उंची कमी असेल तर खालची कड माकडहाडावर आपटते, आखूड प्लेट मिळते, तीच घ्या, लांब प्लेटखाली फोम घालून भागवू नका. छातीच्या डी-रिंग, म्हंजे सामान अडकवायच्या कड्या, पुरुषांच्या मापानं लावल्या तर त्या काखेकडं जातात, त्या वर सरकवून कॉलरबोनच्या जरा खाली घ्या. छातीवरनं आडवा जाणारा पट्टा असेल तर तो वरच्या बाजूला ठेवायचा आणि कामापुरताच ओढायचा, नाहीतर काढूनच टाका. आणि मंगळसूत्र, चेन बोटीवर यायच्या आधीच काढून ठेवा, वेटसूटच्या आत वाटी पट्ट्याखाली आली की तासभर एकाच जागी रुतून बसते, आणि आत हात घालून ती काढता येत नाही.

डी-रिंगची जागा डोळे मिटून ठरवायची. हात सरळ पुढं करायचे, मग डोळे मिटून परत छातीकडं आणायचे, अंगठा जिथं आपोआप येतो तिथं रिंग. यासाठी दुसऱ्याचा हार्नेस बघून माप घेऊ नका, तुमचे हात तुमचे आहेत. हे समुद्रापेक्षा आपल्या नद्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे. 2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी चिकोडी, रायबाग, अथणीकडं शिरलं आणि घटप्रभेनं गोकाकला घेरलं, ते पाणी कसं होतं हे इथल्या सगळ्यांनी बघितलंय, बोटभर पुढचं दिसत नव्हतं. अशा पाण्यात उतरायचं काम खास ट्रेनिंग घेतलेल्यांचंच आहे, आणि तुमच्यातले काही जण त्या ट्रेनिंगला जाणार आहेत म्हणून सांगतोय, तिथं टॉर्च, दोरीची रील, कात्री सगळं नुसत्या हाताला सापडलं पाहिजे.

आता उद्यमबागेचा, म्हंजे आपल्या बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीचा, विषय, कारण मला माहितीय तुमच्यातले निम्मे तिथं प्लेट कापून घ्यायच्या विचारात आहेत. घ्या की, आपल्या गावात स्टेनलेसचं काम करणारी माणसं कसलेली आहेत. पण 316 ग्रेड सांगा, 304 खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं, जाडी 3 मिलिमीटर पुरे, बोल्टची भोकं एकमेकांपासनं 11 इंचांवर, कारण जगभरच्या विंग त्याच मापाच्या येतात. आणि खाचांच्या कडा हातानं गोल घासून घ्या, बोट फिरवून बघा. कडेला धार राहिली तर ती पट्टा धाग्या-धाग्यानं कापत जाते आणि मागं असल्यामुळं तुम्हाला दिसतही नाही. पट्टाही कडक विणीचा नायलॉनचा घ्या, बाजारात बॅगेला लावतात तो मऊ पट्टा पाण्यात दोरीसारखा वळतो, आणि रिंग सपाट पडून राहते. नायलॉन भिजल्यावर जरा ताणतोय, म्हणून टँकचा कॅम बँड, म्हंजे टँक प्लेटला आवळणारा पट्टा, पाण्यात भिजवून मगच आवळायचा, कोरडा आवळलेला पाण्यात गेल्यावर सैल होऊन टँक खाली घसरते. टँक किती वर ठेवायची तेही तिथंच ठरतं, मान मागं टाकली की डोकं फर्स्ट स्टेजवर, म्हंजे वाल्ववर बसवलेल्या रेग्युलेटरच्या भागावर, आपटायला नको, आणि पाण्यात आडवं झाल्यावर पाय बुडत असतील तर टँक दोन बोटं वर घ्या, डोकं बुडत असेल तर खाली.

पहिल्याच दिवशी सगळं जमत नाही. पूलमधे एकदा, समुद्रात एकदा, मधे मार्करनं पट्ट्यावर खुणा करायच्या, आणि खुणा हलायच्या थांबल्या की मगच शेपूट कापायचं, तेही बकलच्या पुढं वीतभर सोडून, आणि कापलेलं टोक लायटरनं वितळवून बंद करायचं.

टेबलवर दोन प्लेट आहेत, एक लांब, एक आखूड. वेटसूट आणलेल्यांनी मागच्या खोलीत जाऊन घालून या, ताई लोकांनी आधी जा. एकेकाचा आधी खांदाच बघू, कमरेला कुणीही हात लावायचा नाही तोपर्यंत.