घोड्याची पाठ आणि सोंग-कोलची वाट

मंडळी, आजचा विषय किरगिझस्तानातल्या सोंग-कोल तलावापर्यंतची चार दिवसांची घोडेसफर. पण मी बोलणार आहे ते बरंचसं घोड्याच्या पाठीबद्दल. एका दिवसाच्या रपेटीत खोगीर जरा वाकडं बसलं तरी निभावतं. अनेक दिवसांच्या सफरीत निभावत नाही. तिसऱ्या दिवशी घोडा चालणार की लंगडणार, हे पहिल्या दिवशी खोगीर चढवतानाच ठरतं. बाकीची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी जागा समजून घेऊ. सोंग-कोल नारिन प्रांतात आहे, समुद्रसपाटीपासून 3016 मीटर उंचीवर. इस्सिक-कोलनंतर तो त्या देशातला दुसरा मोठा तलाव. भोवती झाड औषधालाही नाही, नुसती गवताळ कुरणं. या उन्हाळी कुरणांना तिथे ‘जायलू’ म्हणतात. जूनच्या सुरुवातीला धनगर कुटुंबं मेंढ्या, गाई, घोडे घेऊन वर चढतात, नमद्याचे (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे) गोल तंबू उभारतात आणि सप्टेंबरात खाली येतात. या तंबूचं नाव ‘बोझ-उई’. त्याच्या माथ्यावरचं गोल कडं, ‘तुंदुक’, त्या देशाच्या झेंड्यावर आहे. आपला हंगामही तोच: जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैतसुद्धा रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, बर्फही पडू शकतो.

राजधानी बिश्केक साधारण 800 मीटरवर आहे. मराठी घरांतली बरीच मुलं तिथे वैद्यकीय शिक्षण घेतात, त्यामुळे आईवडील भेटीला जातात आणि दोन दिवसांत तलाव ‘उरकून’ येऊ म्हणतात. गाडीने एका दिवसात 800 वरून 3000 वर गेलं की रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. म्हणून पहिली रात्र कोचकोर गावात काढा, ते सुमारे 1800 मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी गाडीने किझार्त गाव गाठायचं आणि तिथून घोड्यावर तीन-चार तासांत किलेमचे जायलू, हा घोडेसफरीचा पहिला दिवस. पुढच्या दिवशी जालगिझ-कारागाय खिंड ओलांडून तलाव. तिसरा दिवस तलावाकाठी. चौथ्या दिवशी तुझ-आशू खिंडीतून परत किझार्त. बहुतेक जण हे तीन दिवसांत करतात. माझं मत चारचं आहे. तलावाकाठचा दिवस आपल्यासाठी जितका, त्याहून घोड्यासाठी जास्त. तिथे घोड्याला दाणा क्वचितच मिळतो, तो चरूनच पोट भरतो, आणि चरायला त्याला तास लागतात. दिवसभर स्वार पाठीवर आणि रात्री आखूड दाव्याला बांधलेला, असा घोडा तिसऱ्या दिवशी उपाशी असतो. मग तो चढावर थांबतो, आणि आपण त्याला ‘अडेल’ म्हणून मोकळे होतो.

तिथला घोडा लहान चणीचा, साडेतीन-चारशे किलोचा. आपल्या भीमथडीच्या तट्टाची आठवण यावी असा: काटक, खुराचा पक्का, थोडक्यात भागवणारा. सोव्हिएत काळात डोन आणि थरोब्रेड या जातींचं रक्त मिसळून जरा उंच जातही तयार केली गेली. स्वारीला बहुधा खच्ची केलेले घोडे देतात, ते शांत असतात. काही घोडे एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकदम टाकत चालतात. त्याला ‘जोर्गो’ म्हणतात. त्यावर स्वार हादरत नाही, म्हणून त्याचा मान मोठा. असा घोडा मिळाला तर सोडू नका.

वजनाचा हिशेब सरळ मांडू. घोड्याने आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतच ओझं वाहावं, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. 380 किलोच्या घोड्याला ते 76 किलो होतात. त्यातून खोगीर, त्याखालचा नमदा, पडशी (खोगिराच्या दोन्ही अंगांना लटकणारी थैली) यांचे पंधरा किलो गेले, स्वाराला राहिले एकसष्ट. आपल्यातले किती जण त्यात बसतात? म्हणून वजन आधीच खरं कळवा, मोठ्या घोड्याची मागणी करा, आणि तीव्र चढ-उतारावर उतरून चाला. सामान सात-आठ किलोंपेक्षा जास्त नको.

आता खोगीर. पहिला भेटेल त्या घोड्यावर बसू नका. खोगीर चढवण्याआधी पाठीवरून हात फिरवा. आयाळ संपते तिथला उंचवटा आणि त्यामागे कण्याच्या दोन्ही बाजू. सूज लागते का, कातडी गरम आहे का, दाबल्यावर घोडा पाठ खाली घेतो का? गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी जखम झालेली आहे. जुनी असेल तर चालेल, ओली असेल तर दुसरा घोडा मागा. अवघडून गप्प बसू नका. घोडेवाल्याला हे कळतं आणि विचारणाऱ्याबद्दल त्याला आदर वाटतो.

नमदा थोडा पुढे टाकून मग मागे सरकवायचा, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. सुरकुती एकही नको. खोगिराच्या मधल्या पोकळीत नमदा वर ओढून घ्यायचा, नाहीतर तो कण्यावर ताणून बसतो. मग तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. तंग आवळताना घोडा पोट फुगवतो. ती लबाडी नव्हे, आधी चिमटा बसलेला असतो त्याची आठवण असते. म्हणून तीन टप्प्यांत आवळायचा: आधी सैल, मग थोडा, मग घोडा दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर पुन्हा. हा तिसरा टप्पा राहिला की पहिल्याच चढावर खोगीर एका अंगाला फिरतं. आवळून झाल्यावर पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली अडकलेली कातडी सुटते. तंगाचा घट्टा नेमका कोपरामागच्या या घडीत पडतो.

चढावर खोगीर मागे घसरू नये म्हणून छातीचा पट्टा, उतारावर पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालची दुमची. तुझ-आशूचा उतार दुमचीशिवाय करू नये, कारण खोगीर खांद्यांवर आलं की घोड्याला पाय टाकता येत नाही. पडशीची दोन्ही अंगं हातात धरून तोला. एका बाजूला पाण्याची एक बाटली जास्त झाली तरी दिवसभरात खोगीर तिकडे कलतं आणि त्या बाजूची पाठ सोलली जाते. पाठीवर सॅक अडकवून बसणं तर अगदी टाळा, ती प्रत्येक पावलाला आपटते, तुमच्याही आणि घोड्याच्याही पाठीला.

रिकीब म्हणजे पाय ठेवायचं कडं. तिची लांबी जमिनीवर उभं राहून मापता येते. रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकवलेला असतो, तिथे बोटं लावा. हात सरळ असताना रिकीब काखेत आली की माप जवळपास बरोबर. तिथल्या रिकिबी आखूड बांधलेल्या असतात, त्यांच्या स्वारांना ती सवय असते. आपण तसंच बसलो तर दोन तासांत गुडघे बोलू लागतात. बूट लहान टाचेचा आणि कमी खाचांच्या तळव्याचा हवा. ट्रेकिंगचा जाड बूट रिकिबीत अडकतो, आणि पडताना पाय अडकणं हा घोडेस्वारीतला सगळ्यात वाईट अपघात. पाय फक्त चवड्यापर्यंत आत. शिरस्त्राण इथूनच न्या, तिथे मिळेलच असं नाही. जीन्स नको, तिची शिवण मांडीला कापते. सायकलची गादीवाली चड्डी आणि वर मऊ पँट, शिवाय कैलास जीवनची एक डबी.

लगाम एका हातात, सैल. मानेवर ज्या बाजूने लगाम टेकेल त्याच्या उलट दिशेला घोडा वळतो. चालवायला ‘चू’ म्हणायचं. चढावर पुढे झुकून आयाळ धरा, तोल सावरायला लगाम ओढू नका. लगामाचं कडियाळं तोंडात असतं, आपला सगळा तोल जबड्यावर जातो. तीव्र उतारावर पायउतार व्हा, घोड्याच्या थेट पुढे नको, बाजूने चाला.

कुरणात जमीन सपाट दिसली की चौखूर सोडायचा मोह होतो. तिथे मार्मोट नावाच्या, मांजराहून थोराड प्राण्यांची बिळं असतात, गवतात ती दिसत नाहीत. घोड्याचा पाय आत गेला तर मोडू शकतो. वाटाड्या सांगेल तिथेच दौड. तलावाकाठी दलदल आहे. हिरवागार, मऊ पट्टा पाहून घोडा थबकला तर टाच मारू नका, त्याचं ऐका. ओढ्यात शिरताना नजर पलीकडच्या काठावर ठेवा, वाहत्या पाण्याकडे पाहिलं की गरगरतं. आणि घोडा पाण्यात उभा राहून पुढच्या पायाने पाणी उडवू लागला की लगेच हाका. तो तहानलेला नाही, लोळायच्या बेतात आहे, खोगिरासकट आणि तुमच्यासकट.

दुपारनंतर ढग दाटतात, गडगडाट होतो. खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडलेली असावी. पावसाचा कोट घोड्यावर बसून चढवू नका. प्लास्टिकच्या फडफडीने शांतातला शांत घोडा उधळतो, आणि अशा वेळी आपले दोन्ही हात बाह्यांत अडकलेले असतात. तंबूंजवळ राखणीची कुत्री धावून येतात. घोड्यावरच थांबा, घरच्यांना हाक मारा.

मुक्कामी तोच क्रम उलटा. शेवटचा अर्धा तास कदमचालीने. पोचल्यावर तंग दोन छिद्रं सैल करा, पण खोगीर लगेच काढू नका. घामेजलेल्या गरम पाठीवर थंड वारा नको. पंधरा-वीस मिनिटांनी खोगीर काढा आणि घाम नीट बघा. पाठ सगळीकडे सारखी ओली असेल तर खोगीर नीट बसलंय. ओल्या भागात हाताच्या पंजाएवढा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब इतका होता की घामही सुटला नाही. उद्या तिथेच सूज येणार. त्या रात्रीच नमद्याची घडी बदला, त्या जागेच्या भोवती कापड लावून मधे पोकळी ठेवा. मग घोड्याला चरायला सोडा. पळून जाऊ नये म्हणून पुढच्या दोन पायांत दोरी घालतात. ‘पायबंद घालणं’ हा शब्द आपण कागदोपत्री वापरतो, तिथे तो रोज संध्याकाळी प्रत्यक्ष दिसतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. पाणी उकळून किंवा गाळून. ओढा कितीही नितळ असला तरी वर गुरं चरत असतात. जेवणात मांस असतंच, शाकाहार आधीच सांगून ठेवा. पाव, साय, मुरंबा, तळलेले ‘बोर्सोक’ मिळतात, सोबत मेतकूट आणि लाडू न्या. किमिझ म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. घोडीच्या सडांत दूध थोडंच साठतं, म्हणून दिवसभरात दर दोन-एक तासांनी, शिंगराला जवळ बांधून, धार काढतात आणि ते दूध घुसळत ठेवतात. आंबट, धुराच्या वासाचं, किंचित मद्यार्क असलेलं. वाडगा हातात आला की घ्यावा, पण दोनच घोट. अनोळखी पोटाला ते झेपत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाच तास खोगिरावर बसायचं असतं.

चौथ्या दिवशी किझार्तला उतरल्यावर गाडी उभी असते, सगळ्यांना घाई असते. तरी खोगीर उतरेपर्यंत थांबा. पाठीवरून एकदा हात फिरवा, नाल सैल वाजत होता का ते आठवा, आणि जे आढळलं ते घोडेवाल्याला बोट ठेवून दाखवा. उद्या सकाळी तोच घोडा दुसऱ्या कुणाला घेऊन पुन्हा वर चढणार असतो.