पाचोळ्यातला कस्तुर

[दृश्य: पहाट. झाडीत अजून अंधार. फक्त आवाज.]

खर्र. मग शांतता. पुन्हा खर्र.

याची चाहूल आधी अशी लागते. पाचोळ्यातून.

[दृश्य: उंचावरचा लाकडी मार्ग, चालणारी माणसं.]

दक्षिण आफ्रिका, क्वाझुलू-नाताल प्रांत. एशोवे गावाला अगदी खेटून हे ड्लिंझाचं जंगल आहे, जेमतेम २५० हेक्टरांचं. जमिनीपासून १० मीटर उंचीवर १२५ मीटर लांबीचा हा मार्ग, आणि टोकाला २० मीटरचा मनोरा. लोक वर चढतात, शेंड्यांकडे बघत राहतात. आणि ज्याच्यासाठी पक्षीवेडे इतक्या लांबून येतात तो त्यांच्या पायांखाली, तळाशी चरत असतो.

[दृश्य: कॅमेरा जमिनीलगत. पक्षी चौकटीत येतो.]

ठिपकेदार कस्तुर. साळुंकीहून किंचित लहान. पाठ तपकिरी, पंखावर पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन ओळी, आणि पांढऱ्या छातीवर शाई शिंपडावी तसे काळे ठिपके. १८३१ साली प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्स यांनी शास्त्रीय नाव दिलं तेही या ठिपक्यांवरूनच.

गालावरच्या दोन उभ्या काळ्या रेघा बघा. आपल्या सह्याद्रीतल्या नारिंगी डोक्याच्या कस्तुराच्या गालावरही अशाच असतात. दोघंही जिओकिक्ला या एकाच गोतातले. सवयही तीच: झाडीचा आडोसा आणि पायाखाली ओला पाचोळा.

[दृश्य: चोच, पानं. संथ गतीत.]

आता हे सावकाश बघू. दोन-चार पावलं पळाला. थबकला. चोचीनं एक पान धरलं आणि बाजूला भिरकावलं. खाली बघितलं. काही नाही. दुसरं पान. या पानांखाली ओल टिकते, बुरशी पानं कुजवते, कुजक्यावर किडे जगतात, गांडुळं वर येतात, गोगलगायी येतात. जंगलाचा वरचा मजला महिनोन् महिने पानं गाळतो, तेव्हा कुठे खालच्या मजल्यावर याची पंगत बसते. आपण ज्याला कचरा म्हणून झाडून काढतो, तेच याचं ताट. आणि डोक्यावर दाट सावली हवीच. ऊन थेट खाली आलं की पाचोळा वाळतो, कुरकुरीत होतो, आणि ताट रिकामं.

मिळालं. गांडूळ.

[दृश्य: फांदीवर गाणारा पक्षी. पाच सेकंद निवेदन नको.]

घरटंही याच मालमसाल्याचं: काटक्या, सुकी पानं, थोडा चिखल. आत बारीक मुळ्यांचं अस्तर.

[दृश्य: किनाऱ्यालगतची झाडी, पलीकडे इमारती.]

सगळेच कस्तुर एका जागी राहत नाहीत. शेजारच्या ईस्टर्न केप प्रांतातले काही थंडीत, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा, किनाऱ्या-किनाऱ्यानं उत्तरेला क्वाझुलू-नातालमध्ये येतात. वाटेत जंगलाचे तुकडे, मध्ये वस्त्या, वस्त्यांत काचा. काचांवर आपटून काही मरतात. संकटग्रस्त पक्ष्यांच्या जागतिक यादीत याचं नाव आहे.

[दृश्य: पुन्हा तीच झाडी. कॅमेरा स्थिर.]

आत्ताही तो समोरच आहे. बुंध्याच्या डावीकडे, पानांच्या रंगात पान होऊन. हालेपर्यंत दिसणार नाही.

खर्र.