हनोईची निळी नोट

नमस्कार श्रोतेहो. आज हनोईबद्दल बोलायचं आहे, व्हिएतनामच्या राजधानीबद्दल.

पहिल्या सकाळी मला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजानं. टण्, टण्, टण्. खिडकीतून पाहिलं, तर खाली गल्लीत पत्रा ठोकायचं काम चाललेलं. गल्लीचं नाव हांग थिएक. हांग म्हणजे माल, थिएक म्हणजे कथील. हनोईच्या जुन्या भागात अशी एकेका धंद्याची एकेक गल्ली. हांग बाक चांदीची. हांग मा कागदी वस्तूंची. पितरांच्या नावानं जाळायच्या कागदी नोटा, कागदी कपडे तिथे मिळतात. आपली तांबट आळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना सकाळचा तो नाद लगेच ओळखू येईल.

रस्त्यावर पाहावं तिकडे दुचाक्या. मग रस्ता ओलांडायचा कसा? सावकाश, एका चालीनं, न थांबता. तुमचं पुढचं पाऊल कुठे पडणार हे चालवणाऱ्याला दिसत असतं, त्या अंदाजानं तो बाजूनं वाट काढतो. तुम्ही दचकून मागे फिरलात की त्याचा अंदाज चुकतो. म्हणून पुन्हा सांगते: सावकाश, एका चालीनं, न थांबता.

आणि डोक्यावर हेल्मेट असतं हो त्यांच्या. १५ डिसेंबर २००७ पासून तिथे दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं झालं आणि लोकांनी ते घातलं. आपल्याकडे सक्तीची नुसती बातमी आली तरी विरोध सुरू होतो, याचं मला फार वाईट वाटतं. माझा चुलतभाऊ आज आहे तो हेल्मेटमुळे. असो.

आता ज्यासाठी बोलायला बसले, ती गोष्ट.

शहराच्या मधोमध होआन किएम नावाचं तळं आहे. होआन किएम म्हणजे परत केलेली तलवार. पंधराव्या शतकात ले लोई राजानं चीनच्या मिंग घराण्याच्या फौजांना हुसकावलं आणि ज्या तलवारीनं तो लढला, ती या तळ्यातल्या सोनेरी कासवाला परत दिली, अशी कथा तिथे सांगतात.

त्या तळ्याजवळच फुटपाथवर एक आजी चा दा विकत होत्या. चा दा म्हणजे बर्फ घातलेला कोरा, फिका चहा. बसायला प्लास्टिकची बुटकी स्टुलं, आपल्या न्हाणीघरात असतात तेवढी. मी आणि माझी धाकटी बहीण बसलो. दोन पेले चहा घेतला, सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया सोलून खाल्ल्या. उठताना मी एक निळी नोट आजींच्या हातात ठेवली, सुटे राहू द्या अशी खूण केली, आणि आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

मागून हाका आल्या. वळून पाहते तर त्या शेकडो दुचाक्यांमधून आजी येताहेत, एक हात उंच, हातात माझी नोट! मला वाटलं, पैसे कमी पडले. आजींनी कनवटीची दुसरी निळी नोट काढली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि शून्यांवर बोट ठेवलं. एक वीस हजार डोंगांची, एक पाच लाखांची. दोन्ही निळ्या, दोन्हींवर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांचं चित्र. आपल्या एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. म्हणजे सत्तरेक रुपयांच्या जागी मी सोळा-सतराशे देऊन आले होते. तेव्हा कुणी जाणार असाल तर नोटेचा रंग पाहू नका, शून्यं मोजा. शून्यं मोजा!

मी वीस हजारांची दिली. आजींनी पाच हजार मोजून परत केले आणि माझी मूठ मिटवली. मी 'काम अन' म्हटलं, म्हणजे धन्यवाद. त्या भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो, आणि माझा सूर चुकला होता. भर गर्दीत त्यांनी ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं, तेव्हा मान डोलावली.

मग त्या वळल्या. सावकाश, एका चालीनं, न थांबता पलीकडे गेल्या. स्टुलावर दोन गिऱ्हाइकं वाट पाहत बसली होती.