हातोड्याचं पाणी

(पडदा काळा. लोखंडावर एक ठोका. जरा थांबून दुसरा.)

पहिला ठोका खणखणीत. दुसरा बसका. चाक धड आहे की त्याला तडा गेलाय, हे एवढ्याशा फरकावरून ओळखायचं. गाडी मोठ्या जंक्शनात शिरली की रेल्वेचा माणूस डब्यांच्या कडेकडेनं चालत एकेक चाक ठोकत जायचा. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या कुणालाही विचारा, हा आवाज अजून कानात असेल.

(चाक ठोकायचा हातोडा, जवळून.)

हाच तो हातोडा. दांडा लांब, सडपातळ. डोकं मुठीत मावेल एवढं, आणि त्यावर ठोकलेली तीन इंग्रजी अक्षरं: एन, एस, आर. निझाम स्टेट रेल्वे. हैदराबादकडून नांदेड, परभणी, जालना करत मनमाडला जाणारी ही लाइन 1900 च्या सुमारास पुरी झाली, तेव्हा ती कंपनीच्या ताब्यात होती. 1930 मध्ये निझाम सरकारनं रेल्वे विकत घेतली, 1951 मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. म्हणजे हा हातोडा बहुधा त्या मधल्या वर्षांतला. पावती नाही, कागद नाही, तीन अक्षरांवरून एवढं कळतं. आणि भंगारवाल्याकडे तो किलोवर चालला होता.

ज्यांनी तो उचलला ते आयटीआयमधले निवृत्त निदेशक. लातूर जिल्ह्यातले. फिटर ट्रेडच्या कितीतरी बॅच त्यांच्या हाताखालून गेल्या. नाव लावू नका म्हणाले. सगळे सर म्हणतात, आपणही सरच म्हणू.

(पत्र्याचं शेड. कॅमेरा भिंतीवरून सावकाश सरकतो.)

घरामागचं हे शेड, सरांनी जमवलेल्या हातोड्यांचं. ही सुताराची मोगरी, बाभळीची. हा लोहाराचा घण. ही तांबटाची, भांडं ठोकून मठारायची हातोडी. हिचं तोंड इतकं गुळगुळीत की आपला चेहरा दिसावा, कारण तोंडावर बारीकसा खड्डा असला तरी तो हंड्यावर ठोक्यागणिक उमटणार. ही रुंद तोंडाची, चपलेचं चामडं चेपायची. ही सोनाराची, करंगळीएवढी. ही दगड फोडायची सुतकी. आणि ही फिटरची बॉल पीन, एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला गोल. आयटीआयच्या पोरांना सर पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट सांगायचे: दांडा शेवटाला धर. नवं पोरगं हमखास डोक्याजवळ धरतं आणि मग जोर मनगटातून काढतं.

गावगाड्यातल्या बहुतेक प्रत्येक कामाला आपला एक हातोडा होता. संग्रहालयात मात्र तलवार असते, ढाल असते, नाणी असतात. ती तलवार ज्या घणाखाली घडली तो घण कुठल्या काचेच्या कपाटात आम्हाला तरी दिसला नाही. नाण्यावरचा छापसुद्धा हातोड्याच्या ठोक्यानंच उमटायचा.

(यात्रेतला जुन्या लोखंडाचा ढीग. उकिडवे बसलेले सर.)

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला लोक घोडे आणि गाढवं बघायला येतात. सर जुन्या लोखंडाच्या ढिगाशी बसतात. आपल्यासमोर जो घण ते उपसून काढतायत त्यावर गंजाचे पापुद्रे आहेत, दांडा तुटलाय आणि तुटक्या दांड्याचं थोटूक भोकात अडकून बसलंय. विकणारा विचारतो, "सर, ह्येचं काय करणार?" सर म्हणतात, "वजन कर."

इथून पुढचं काम आम्ही जरा जास्तच शूट केलं. एडिटिंगला बसलो तरी कापवेना.

आधी थोटूक. गावाकडची सोपी रीत म्हणजे डोकं चुलीत टाकायचं, लाकूड आपोआप जळून जातं. ही रीत नुसती ऐकली तरी सर कपाळाला हात लावतात. घणाचं तोंड कडक असतं ते लोहारानं पाणी दिल्यामुळे. लालभडक करून पाण्यात विझवायचं, मग बेतानं पुन्हा थोडी धग देऊन कडकपणा कामापुरता उतरवायचा. मधला भाग मऊ राहू द्यायचा, म्हणजे धक्का सोसतो. चुलीत टाकलं की हे सगळं पाणी उतरतं. दिसायला घण तोच, पण तोंड चेपायला लागतं. म्हणून सर थोटकात ड्रिलनं चार भोकं पाडतात आणि गजाच्या तुकड्यानं लाकूड ठोकून बाहेर काढतात. वेळ लागतो. लागू द्या.

(प्लास्टिकच्या टबात बुडबुडे. फार जवळून.)

मग गंज. हलका असेल तर तारेचा ब्रश आणि रॉकेल पुरतं. पापुद्रे धरलेल्या लोखंडासाठी हा टब. पाण्यात धुण्याचा सोडा कालवलाय. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार घणाला, पॉझिटिव्ह तार सळईच्या तुकड्याला. घणाभोवती जे बारीक बुडबुडे सुटतायत तो हायड्रोजन आहे, म्हणून टब उघड्यावर ठेवलाय आणि आसपास कुणाला विडी ओढू देत नाहीत. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा लावायचा मोह होतो. लावू नये, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी. दुसऱ्या दिवशी सकाळी घण बाहेर काढला की गंजाचा काळा गाळ झालेला असतो आणि तो ब्रशनं निघून येतो. खालचं निरोगी लोखंड शाबूत. व्हिनेगरमध्ये बुडवूनही गंज निघतो, पण विसरलात तर ते चांगलं लोखंडही खायला लागतं.

(घणाचं तोंड. कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या.)

या कडा बघा. वर्षानुवर्षं ठोके खाऊन लोखंड बाहेर पसरलंय, फुललंय. रोज वापरायच्या हातोड्याच्या अशा कडा सर ग्राइंडरवर घासून टाकतात, कारण त्याची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. भिंतीवर जाणाऱ्या घणाच्या कडा मात्र तशाच ठेवायच्या, हा त्यांचा नियम. काही हौशी लोक जुने हातोडे बफिंग करून आणतात, वर क्रोम चढवतात. लग्नात वाजंत्रीवाल्याच्या बिल्ल्यासारखे चकाकतात. सरांना ते पटत नाही. आम्हालाही नाही.

आता दांडा. सगळ्यात चांगला धावड्याचा. किनवट-माहूरकडच्या जंगलातलं लाकूड, चिवट, धक्का बसला तरी तडकत नाही. ते आता सहज मिळत नाही. बाभूळ मिळते, बाभूळ चालते. लाकडाची रेघ दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मधेच तिरकी बाहेर पडली तर दांडा नेमका तिथंच तुटणार. रंधा झाला की शेवटचा हात फुटक्या काचेच्या तुकड्यानं. इतका पातळ सोलवटा निघतो की फुंकरीनं उडतो.

(सर दांडा हातात उभा धरतात. घणाचं डोकं खाली, अधांतरी.)

हे नीट बघा, कारण सांगून पटत नाही. डोकं दांड्यात जेमतेम अडकवलंय. सर दांडा उभा धरतात, डोकं खालच्या बाजूला, जमिनीला न टेकता. आणि मोगरीचे ठोके देतात ते वरच्या मोकळ्या टोकावर. खाली पडायच्या ऐवजी डोकं ठोक्यागणिक दांड्यावर वर चढतं. दांडा झटक्यानं खाली जातो, जड डोकं जागच्या जागी राहू पाहतं, एवढंच त्यामागचं कारण. मग पाचर. घणाचं भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना थोडं रुंद असतं. पाचर आत शिरली की लाकूड वरच्या रुंद तोंडात फाकतं आणि डोक्याला निसटायला वाटच राहत नाही.

सैल झालेला हातोडा रात्रभर पाण्यात ठेवायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. सकाळी घट्ट होतो खरा. पण फुगलेलं लाकूड लोखंडात चेंगरतं आणि वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल होतं. सर पाण्याऐवजी जवसाचं तेल पाजतात. जवस आपल्याच रानातला. हात पातळ द्यायचे, मध्ये वाळू द्यायचं. तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना तापतं, फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून दोरीवर ही फडकी पसरलेली दिसतायत.

(रस्त्याकडेला पाल. भाता, ऐरण. घण उचलणारी बाई.)

हा घण ज्या हातात शोभतो ते हात असे असतात. पेरणीच्या आधी घिसाडी कुटुंब गावाबाहेर पाल टाकतं. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून फिरवतो, बायको घण घालते. लोखंड बहुतेक वेळा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं. त्यातून विळा होतो, खुरपं होतं, कुऱ्हाड होते. नवऱ्याच्या हातातली छोटी हातोडी ऐरणीवर टिचकी मारते, कुठं मारायचं ते दाखवते. घण बरोबर तिथंच पडतो. दोघं बोलत नाहीत. सरांनी नवा दांडा घातलेला घण त्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो तोलून बघितला, दोन ठोके घातले आणि म्हणाल्या, "दांडा बोटभर कमी करा, सर." सरांनी तिथंच करवत मागवली.

दुकानात तयार खुरपं मिळतं, ट्रॅक्टरनं नांगर गेला, पाल पूर्वीइतकी दिसत नाहीत.

(सुतकी. मग एक म्हातारी, दारात बसलेली.)

आता ही सुतकी. 1972 चा दुष्काळ. मराठवाड्यात दुष्काळी कामांवर लाखो हात खडी फोडत होते. मिलो, म्हणजे मदतीची लाल ज्वारी, खाऊन, सुकडीवर लेकरं जगवून. रोजगार हमीचा कायदा पुढे 1977 मध्ये झाला, पण त्याआधी रस्त्यांच्या कडेला खडीचे ढीग लागले ते अशा हातोड्यांनी. ही सुतकी ज्यांच्या घरून आली त्या आजी अजून आहेत. सरांनी त्यांना भिंतीवर लावलेली त्यांची सुतकी दाखवायला आणलं.

आजी म्हणाल्या, "लेकरू पाठीला बांधून ह्येनं खडी फोडली, बाबा. ह्येला भिताडाला लावून काय बघतुस?"

सरांनी उत्तर दिलं नाही. पण सुतकी खाली काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. खडीच्या धुळीनं पुढे किती छात्या गेल्या त्याची नोंद या भिंतीवर नाही.

(वेरूळ. कैलासची भिंत, तिरप्या उन्हात.)

वेरूळचं कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं. राजाचं नाव लक्षात राहतं. टाकीचे, म्हणजे हातोड्यानं ठोकलेल्या छिन्नीचे, चरे भिंतीवर आहेतच. अजिंठ्याला 24 नंबरच्या अर्धवट लेण्यात तर खडक कसा पोखरत नेला ते टप्प्याटप्प्यानं दिसतं. गाइड लोक तिथं फारसे थांबत नाहीत. थांबायला हवं.

(तेरचं संग्रहालय, बाहेरून.)

हे सगळं ठेवायचं कुठं? तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर गोळा केल्या आणि त्या संग्रहातून सरकारी संग्रहालय उभं राहिलं. मराठवाड्यात हे घडलंय. तिकडे अलास्कातल्या हेन्स नावाच्या छोट्या गावात 2002 पासून निव्वळ हातोड्यांचं संग्रहालय आहे आणि लोक तिकीट काढून बघतात. सरांनी जागेसाठी अर्ज केलाय, उत्तर यायचंय.

(शेडमध्ये पोरं. एकाच्या हातात बॉल पीन.)

तोवर मांडणी शेडमध्येच. दोन खिळ्यांवर डोकं टेकवून दांडा खाली, म्हणजे कुठलाही हातोडा सरळ हातात घेता येतो. काच नाही. प्रत्येकाखाली पुठ्ठ्यावर तीन गोष्टी: कुठून आला, कोण वापरायचं, नवं काय घातलं. दांडा नवा असेल तर नवा असं स्वच्छ लिहिलेलं. कोपऱ्यात एक ऐरण आहे; तिच्यावर पोरांनी ठोकून बघायचं. सर मागून ओरडतात, "शेवटाला धर रे, शेवटाला!"

रविवारी सकाळी शेड उघडं असतं. घण उचलून बघायचा असेल तर चप्पल घालून येऊ नका, बूट घालून या.