अहवाल अध्यक्षाच्या नावाने सापडत नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे ‘शासकीय प्रकाशनांचा संशोधनात वापर’. वापराकडे मी येणारच आहे. पण वापरायचा तर आधी कागद हातात यायला हवा, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. म्हणून सुरुवात शोधण्यापासून करू.

राज्यशास्त्रवाले किती आहेत इथे? बरेच दिसतात. पंचायत राजची शिफारस करणाऱ्या बलवंतराय मेहता समितीचा मूळ अहवाल किती जणांनी हातात घेतला आहे? दोन हात. आणि त्या समितीचा हवाला किती जणांनी दिला आहे? बघा, आता सगळेच हसताहेत.

दोष तुमचा नाही. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, ‘बलवंतराय मेहता’ टाकलं की त्या समितीवर लिहिलेली पाठ्यपुस्तकं येतात, अहवाल येत नाही. ‘पंचायत राज’ टाकलं तरी येत नाही. कारण १९५७ साली निघालेल्या त्या अहवालाच्या शीर्षकात पंचायत हा शब्दच नाही. समितीचं अधिकृत नाव ‘टीम फॉर द स्टडी ऑफ कम्युनिटी प्रोजेक्ट्स अँड नॅशनल एक्स्टेन्शन सर्व्हिस’. समूह विकास प्रकल्पांची पाहणी करायला ती नेमली होती. पंचायतींची शिफारस हे तिच्या कामाचं फलित. तालिकाकार फलिताची नोंद करत नाही, शीर्षकपृष्ठाची करतो.

तालिकेच्या नियमात शासकीय प्रकाशनाचा लेखक म्हणजे शासन. आधी ‘इंडिया’ किंवा ‘महाराष्ट्र’, मग विभाग किंवा समिती, मग शीर्षक. अध्यक्षाचं नाव जोडनोंदीत, म्हणजे मुख्य नोंदीखेरीजच्या जादा नोंदीत, आलं तर आलं. वर्तमानपत्रं आणि विधिमंडळातली भाषणं मात्र अध्यक्षाच्याच नावाने बोलतात. म्हणून ग्रंथपालांकडे जाण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा : कागद कोणी काढला, कोणत्या साली काढला, कोणत्या मालिकेत काढला. विषय चौथा.

आता बाकीची नावं बघा. केंद्राचा मंडल आयोग शोधायचा तर दुसरा मागासवर्ग आयोग, १९८०. आपल्या राज्यात बर्वे म्हणजे राज्य सिंचन आयोग, १९६२. चितळे म्हणजे महाराष्ट्र जल व सिंचन आयोग, १९९९. अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजणारी दांडेकर समिती म्हणजे ‘फॅक्ट फाइंडिंग कमिटी ऑन रीजनल इम्बॅलन्स’, १९८४, नियोजन विभाग. आणि दुष्काळी भागांची पाहणी करणारी सुखटणकर समिती, १९७३, तीही ‘फॅक्ट फाइंडिंग कमिटी’च! नुसतं ‘फॅक्ट फाइंडिंग’ म्हणून चिठ्ठी दिलीत तर अनुशेषाऐवजी दुष्काळ हातात येईल. साल लिहायचं ते यासाठी.

दांडेकर समितीचा मूळ अहवाल कशाला उघडायचा, सगळं तर पुस्तकांत आहे, असं मला विचारतात. त्यात अनुशेष काढला आहे ३,१८६.७८ कोटी रुपयांचा. सभांमधून आपण विदर्भ आणि मराठवाड्याचा अनुशेष ऐकतो. तक्ता उघडला की दिसतं, विदर्भ सुमारे ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस आणि उर्वरित महाराष्ट्राचाही ३७ टक्क्यांच्या वर. कारण मोजणीचं एकक जिल्हा होतं. राज्याच्या सरासरीखाली असलेल्या प्रत्येक जिल्ह्याची तूट मोजली, मग तो जिल्हा कोकणातला असो की देशावरचा. ही पद्धत कळली नाही, तर त्या आकड्यावरचा वादही कळत नाही. दुय्यम पुस्तकांत आकडा येतो, पद्धत गळून पडते.

मला मनापासून खुपतं ते वेगळंच. चुकीच्या नावाने मागितलं जातं, म्हणून सापडत नाही. सापडत नाही, म्हणून देवघेवीच्या नोंदीत येत नाही. आणि जागा कमी पडली की ‘मागणी नसलेली’ प्रकाशनं निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या, यादीत जातात. त्यांत आधी जातात सुट्या पातळ पुस्तिका : पाहणी अहवाल, विभागांचे वार्षिक प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणाचे जुने अहवाल. बाजारातलं पुस्तक पुन्हा विकत मिळतं. तीसचाळीस वर्षांपूर्वीचा प्रशासन अहवाल छापणाऱ्या मुद्रणालयातही शिल्लक नसतो. म्हणून कागद सापडला नाही तर परत फिरू नका, मागणीची लेखी नोंद करा. ती नोंद पुढच्या यादीच्या वेळी त्या कागदाच्या बाजूने बोलते.

ओपॅकवर नाही म्हणजे ग्रंथालयात नाही, असंही धरू नका. संगणकीकरणात आधी पुस्तकांच्या नोंदी झाल्या; अहवाल अनेक ठिकाणी कार्डांवरच राहिले. कार्डांचे खण उघडा, आणि तेही तीन. १ मे १९६०नंतरचं ‘महाराष्ट्र’खाली, त्याआधीचं ‘बॉम्बे’ राज्याखाली, त्याहून जुनं मुंबई इलाख्याखाली. शिवाय पाचसहा पातळ अहवाल एकत्र बांधलेले असतात आणि नोंद फक्त पहिल्याची असते. दाखल नोंदवही बघायची परवानगी मागा. तिथे प्रत्येक अहवाल आला त्या तारखेला वेगळा लिहिलेला सापडू शकतो.

जनगणनेचं उदाहरण जरा सावकाश घेऊ, कारण इथे भलेभले चुकतात. समजा, उदगीर तालुक्यातल्या एका गावाची साठ वर्षांची लोकसंख्या हवी आहे. २०११ची जिल्हा जनगणना पुस्तिका लातूरची. गावाला सहा अंकी संकेतांक, तो देशभरात एकमेव. २००१ची पुस्तिकाही लातूरचीच, पण संकेतांक आठ अंकी. दोन्ही जुळवायला जाल तर फसाल, गाव नावानेच शोधावं लागतं. १९९१ लातूर. त्यामागे लातूर जिल्हाच नाही, तो झाला ऑगस्ट १९८२मध्ये. म्हणून १९८१, १९७१, १९६१ या तिन्हींसाठी उस्मानाबाद. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं असलं तरी पुस्तिकेच्या पाठकण्यावर जुनंच राहणार. आणि १९५१? तिथे उस्मानाबाद काढाल तर उदगीर सापडणारच नाही. तेव्हा उदगीर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होतं. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते इकडे आलं. म्हणजे मराठी मुलखातल्या गावासाठी हैदराबादच्या कपाटातला बीदरचा खंड. त्याच्या मागे गेलात तर निजामाच्या राज्यातले अहवाल, आणि त्यांवर फसली, म्हणजे तिथलं महसुली, साल. ५९० मिळवा, इसवी सन येतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. विदर्भवाल्यांनी हेच मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कपाटाशी करायचं. आणि मधल्या काळात तालुके फुटले आहेत, म्हणून तालुक्याच्या बेरजांची थेट तुलना करू नका. गावं एकेक जुळवा आणि बेरीज स्वतः करा.

दहा मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आली आहे. ‘वापर’ राहिलाच की! पटापट घेतो, लिहून घ्या.

शासन निर्णय. समजा क्रमांक आहे ‘संकीर्ण-२०१५/प्र.क्र.११२/कार्या-४’. यातलं २०१५ हे नस्तीचं, म्हणजे फायलीचं, साल आहे, निर्णयाचं नव्हे; निर्णय २०१७मध्येही निघालेला असू शकतो. तळाशी अठरा अंकी संगणक सांकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस. पण ती तारीख सांकेतांक मिळाल्याची. निर्णयाची तारीख वर छापलेली असते आणि दोहोंत फरक पडू शकतो. हवाल्यात वरची तारीख द्या, शोधायला सांकेतांक वापरा. ‘वाचा’ या मथळ्याखालचे जुने निर्णय एकेक करत मागे जा. धोरण कुठून सुरू झालं ते कळतं. मग पुढेही या : शुद्धिपत्रक निघालं का, निर्णय अधिक्रमित झाला का, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतली का? हे न बघता रद्द झालेल्या निर्णयावर प्रबंधाचं प्रकरण उभं राहिलं, तर तोंडी परीक्षेत ते कोसळतं.

राजपत्र. साधारण अंक आणि असाधारण अंक वेगवेगळे बांधतात, एकात नाही तर दुसऱ्यात बघा. राज्याच्या अधिनियमांखालचे नियम भाग चार-ब मध्ये. भूसंपादनाच्या अधिसूचनांसाठी भाग एकच्या विभागीय पुरवण्या, पुणे, नाशिक, अमरावती अशा.

अर्थसंकल्प. एकाच वर्षाचे तीन आकडे असतात : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात येतो. २०२०-२१ला खरोखर किती खर्च झाला ते २०२२-२३च्या पुस्तकात. घोषणेचा आकडा घेऊन ‘खर्च केला’ असं कृपा करून लिहू नका. आर्थिक पाहणीतले ताजे आकडेही अस्थायी असतात, पुढच्या वर्षीच्या अंकात सुधारून येतात.

गॅझेटियर. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा, पुण्याचा १८८५चा. पुनर्मुद्रणाचं साल घालून ‘येथे अमुक पीक होते’ असं लिहिलंत, तर शंभर वर्षांपूर्वीची शेती आजची म्हणून छापली जाते. दोन्ही सालं द्या.

आणि आपल्याकडे नसेल तर? १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्याने शासकीय प्रकाशनंही, निव्वळ कार्यालयीन उपयोगाची सोडून, ठरावीक ग्रंथालयांना द्यावी लागतात. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांतलं एक. पुण्यात गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय बघा. जाताना शासन, विभाग, शीर्षक, साल आणि खंड लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा, आणि कंसात अध्यक्षाचं नावही लिहा. काउंटरवरच्या जुन्या माणसांना तेवढ्यावरून कपाट आठवतं. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.