मूडू की मूरु?

श्रोतेहो, नमस्कार.

मी आकडे शिकलो ते आईच्या मागे पिशवी धरून, सोलापूरच्या मंगळवार बाजारात. मेथीवाल्या मावशी दक्षिण सोलापूरकडच्या. त्या जुड्या टाकत कन्नडमध्ये मोजायच्या, ओंदु, एरडु, मूरु. तिथून शहराच्या पूर्व भागात टॉवेल घ्यायला गेलो की मागावरचे मामा तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू. आई मराठी सोडायची नाही, तरी घासाघीस रंगायची. दोन रुपये कमी करून घ्यायचे, तर समोरच्याची भाषा कानावर घ्यावीच लागायची. शाळेत असली शिकवणी कुठे होती?

गावच तसं आहे आपलं. ज्यांच्या नावानं गड्ड्याची जत्रा भरते त्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमधली. मागावर हात बसवला तो तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या निघतात, 68 लिंगांची प्रदक्षिणा होते, तेव्हा बाराबंदीचा पांढरा अंगरखा घातलेला शेजारी घरी कुठली भाषा बोलतो हे कोण विचारतं! सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा आता मोबाइलवरही दिसतो. छान दिसतो, अगदी जवळून. पण घरी आल्यावर केसांतले तांदूळ झटकायचे, ते राहून जातं.

मी मोबाइलवर रागावलेलो नाही बरं का. आमच्या गल्लीतल्या एक अज्जी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तेलंगणातल्या बहिणीशी भांडतात. पूर्वी हे भांडण वर्षातून एकदा, लग्नकार्यात व्हायचं. चादरीचा नमुनाही आता फोटो पाठवून पसंत होतो, व्यापाऱ्याची एक खेप वाचते. ही सोय कुणी सोडू नये.

मला खटकलं ते वेगळंच. गेल्या महिन्यात शेंगाचटणी घ्यायला गेलो. पाकिटावर भाव छापलेला. मी बोट दाखवलं, दुकानदारानं पाकीट ठेवलं, मी चौकोन स्कॅन केला, आणि गल्ल्याशेजारची डबी बोलली, ‘साठ रुपये प्राप्त झाले.’ त्या सगळ्या व्यवहारात बोललं कोण, तर डबी! मी आणि तो, दोन धडधाकट सोलापूरकर, मुके. एरवी या माणसानं ‘लसूण जास्त घालू का?’ विचारल्याशिवाय पाकीट हातात दिलं नसतं, आणि मीही त्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी केल्याशिवाय निघालो नसतो. 2016 साली यूपीआय आलं तेव्हा सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून मीच खूश होतो. त्या सुट्ट्यांच्या शोधात किती बोलणं व्हायचं, ते तेव्हा ध्यानात आलं नाही.

माझ्या मुलीच्या वर्गात निम्म्या मुली घरी तेलुगू बोलतात. तिला तेलुगूत दहापर्यंत मोजता येत नाही. तिचा काय दोष? भाजी दारात येते, आणणारा मुलगा पुढच्या ऑर्डरच्या घाईत असतो. मोजायची वेळच येत नाही.

परवा मंगळवारी तिला घेऊन बाजारात गेलो. मोबाइल मुद्दाम घरी ठेवला. मेथीच्या ढिगामागे एक बाई बसल्या होत्या, बोलणं कन्नड वळणाचं. मुलीसमोर जरा भाव खावा म्हणून मी तीन बोटं वर केली आणि ऐटीत म्हणालो, ‘मूडू!’

बाई खळखळून हसल्या. जुड्या पिशवीत टाकता टाकता मुलीला म्हणाल्या, ‘तुझ्या बाबाला सांग, ते तेलगूत. आमच्यात मूरु.’