सेंद्रिय या शब्दाचा भाव

(दृश्य: पहाटेचे दादर. पावसाने भिजलेल्या गोणपाटावर पालकाच्या जुड्या.)

जूनमधल्या पहाटे दादर पश्चिमेला, सेनापती बापट मार्गावर, भाजीचे टेम्पो रिकामे होत असतात आणि नीट उजाडायच्या आत पालकाच्या जुड्या दोन-तीन हात बदलून उपनगरांच्या वाटेला लागलेल्या असतात. तेथून फार दूर नसलेल्या लोअर परळच्या एखाद्या वातानुकूलित दुकानात दुपारी तसाच पालक पाकिटात बसलेला दिसतो. पाकिटावर हिरवे चिन्ह असते, ‘सेंद्रिय’ हा शब्द असतो आणि भाव रस्त्यावरच्या जुडीच्या दुप्पट, कधी त्याहूनही चढा असतो. दोन्ही पालकांची पातळभाजी एकाच फोडणीत करून शेजारी शेजारी वाढली, तर चवीवरून कोणती कोणाची हे ओळखणारा माणूस विरळा. मग वरचे पैसे आपण नेमके कशासाठी मोजतो, हे पाहण्यासाठी आधी त्या शब्दाकडेच पाहावे लागते.

शाळेतल्या रसायनशास्त्रात कार्बनी संयुगांना सेंद्रिय म्हणतात, आणि त्या हिशेबाने मोनोक्रोटोफॉससारखे जहाल कीटकनाशकही सेंद्रियच ठरते. शेतीतला अर्थ वेगळा आहे. कृत्रिम रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके आणि जनुकीय फेरफार केलेले बियाणे न वापरता, ठरावीक नियमांनी पिकवलेला माल म्हणजे सेंद्रिय माल. या व्याख्येतला प्रत्येक शब्द माल कसा पिकवला याबद्दल बोलतो. तयार भाजीत काय आहे आणि काय नाही, याबद्दल ती थेट काहीच सांगत नाही.

(दृश्य: पाकिटावरील चिन्हांचे जवळून चित्रण.)

भारतात या शब्दाला कायद्याचे कुंपण आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासाठी नियम केले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणले. या चिन्हापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, ज्यात मान्यताप्राप्त संस्थेचे निरीक्षक शेतावर येऊन नोंदवह्या आणि बांध तपासतात. दुसरा सहभागी हमी पद्धतीचा, ज्यात गावातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला हंगामी पिकांसाठी दोन वर्षे आणि फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षे रूपांतराचा काळ काढावा लागतो. या काळात उत्पन्न घटलेले असते आणि ‘सेंद्रिय’ म्हणून चढा भाव मागण्याचा अधिकार अजून मिळालेला नसतो. पाकिटावरची जास्तीची किंमत पाहून नाक मुरडताना ही दोन-तीन वर्षे कोणाच्या खिशातून गेली, हेही लक्षात घेतलेले बरे.

कागद म्हणजे खात्री, असेही मात्र नाही. सेंद्रिय म्हणून युरोपात गेलेल्या भारतीय तिळामध्ये इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक विषारी वायूचे अंश सापडल्यानंतर युरोपीय संघाने आपल्याकडच्या काही प्रमाणीकरण संस्थांची मान्यता काढून घेतली होती. परदेशी प्रयोगशाळेत माल अडला म्हणून ते उघड झाले. मुंबईच्या नाक्यावर ‘ऑर्गॅनिक’ अशी पाटी हाताने लिहून लावणाऱ्या गाडीसमोर अशी प्रयोगशाळा नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सेंद्रिय भाजी अधिक पौष्टिक असते का?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २३७ अभ्यास एकत्र तपासले आणि जीवनसत्त्वांच्या बाबतीत दोन्ही मालांत सांगण्याजोगा फरक नसल्याचा निष्कर्ष काढला. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय पिकांमध्ये ऑक्सिडीकरणरोधक घटक (अँटिऑक्सिडंट) अधिक आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळल्याचे म्हटले होते. दोन्हींत वरवर दिसते तेवढा विरोध नाही. नत्र भरपूर मिळालेले रोप फोफावते, तर बेताच्या खुराकावर वाढलेले आणि किडीशी स्वतःच झुंजणारे रोप आपल्या बचावासाठी काही संयुगे अधिक तयार करते, आणि ऑक्सिडीकरणरोधक म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो त्यांपैकी बरीच याच जातीची असतात. कॅडमियमचा एक उगम स्फुरदयुक्त रासायनिक खतांत आहे. पण या वाढीव घटकांमुळे खाणाऱ्याची प्रकृती किती सुधारते, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. शिवाय वाण कोणता, माती कशी आणि भाजी तोडून किती तास झाले, यांनीही तितकाच फरक पडतो. पालकातील क जीवनसत्त्व उष्म्यात झपाट्याने घटते, त्यामुळे सकाळी वसईहून लोकलने आलेली साधी जुडी तीन दिवस फळीवर बसलेल्या सेंद्रिय पाकिटापेक्षा सरस ठरली, तर त्यात नवल नाही.

आरोग्याच्या मोठ्या अभ्यासांचेही असेच आहे. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सेंद्रिय अन्न सर्वाधिक खाणाऱ्या गटात कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते, आणि ही बातमी जगभर गेली. ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक महिलांच्या अभ्यासात, चार वर्षे आधी, एकूण कर्करोगात अशी घट दिसली नव्हती. ती बातमी फारशी कोठे गेली नाही. सेंद्रिय माल घेणारा माणूस बहुधा व्यायाम करतो, सिगारेट कमी ओढतो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. संशोधक हे घटक हिशेबातून वेगळे काढण्याचा प्रयत्न करतात, पण लोअर परळच्या त्या दुकानातली गिऱ्हाइके पाहिली की ते काम किती अवघड असेल, हे कळते.

(दृश्य: द्राक्षबाग. पाठीवर पंप घेतलेला मजूर.)

कीटकनाशकांच्या अंशांबाबत मात्र चित्र स्पष्ट आहे. स्टॅनफर्डच्याच आढाव्यात साध्या मालाच्या सुमारे ३८ टक्के नमुन्यांत असे अंश आढळले होते आणि सेंद्रिय मालाच्या ७ टक्के नमुन्यांत. अमेरिकेतील सिएटल येथे २३ शाळकरी मुलांना काही दिवस सेंद्रिय आहार दिल्यावर त्यांच्या लघवीतील मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांच्या खुणा लगेच मोजता न येण्याइतक्या खाली गेल्या होत्या, असे २००६ च्या अहवालात नोंदले आहे. म्हणजे फरक खरा आहे आणि मोजता येतो. तो किती महत्त्वाचा, हे कमाल अवशेष मर्यादेवरून ठरवायचे असते. प्राण्यांवर ज्या मात्रेचा काहीही दुष्परिणाम दिसत नाही, तिच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतके सेवन माणसाला रोज चालेल असे धरतात, आणि पिकावरील मर्यादा ठरवताना रोजचे एकूण सेवन त्याच्या आत राहील, हे पाहतात. मर्यादा पाळली गेली असेल, तर भीतीचे कारण थोडे. ‘पाळली गेली असेल तर’ या चार शब्दांत मात्र सगळा व्यवहार अडकलेला आहे.

याची साक्ष नाशिकची द्राक्षे देतात. युरोपला गेलेल्या महाराष्ट्रातील द्राक्षांमध्ये २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि बागायतदारांना जबर फटका बसला. निर्यातीच्या द्राक्षांची प्रत्येक बाग नोंदवून काढणीपूर्वी नमुने तपासण्याची व्यवस्था त्याच्या आधीपासून होती. या धक्क्यानंतर ती अधिक कडक झाली. ही द्राक्षे सेंद्रिय नाहीत. त्यांच्यावर फवारण्या होतात, पण शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे ते पाळावे लागते आणि निकालाचा कागद मालाबरोबर जातो. तोच कागद वाशीच्या बाजारातून आपल्या फळवाल्याकडे येणाऱ्या पेटीबरोबर येत नाही. माझ्या मते मुंबईच्या ग्राहकाची खरी अडचण रसायन की सेंद्रिय ही नसून, परदेशी ग्राहकासाठी जी तपासणी शक्य होते ती त्याच्यासाठी होत नाही, ही आहे; आणि ‘सेंद्रिय’ हा शब्द त्या तपासणीची उणीव भरून काढण्यासाठी विकत घेतला जातो.

घरी भाजी धुण्याचा उपयोग होतो, पण मर्यादित. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यास पृष्ठभागावरचे अंश बरेच निघतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात सफरचंदे बारा-पंधरा मिनिटे ठेवल्यास साध्या पाण्यापेक्षा अधिक निघतात, असेही एका प्रयोगात दिसले आहे. मात्र आंतरप्रवाही औषधे पानात, सालीत, गरात उतरलेली असतात आणि त्यांना पाणी पोहोचत नाही.

नैसर्गिक ते निर्धोक, ही समजूतही येथेच तपासावी. सेंद्रिय द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मर्यादेत चालते; त्यातले तांबे जमिनीत साठत राहते. शेणखत नीट कुजलेले नसेल, तर जंतू कच्च्या कोशिंबिरीपर्यंत येऊ शकतात. जर्मनीत २०११ साली ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसे दगावली, आणि माग काढत तपास पोहोचला तो एका सेंद्रिय शेतावरील मोडांपर्यंत; बियाणे इजिप्तमधून आलेल्या मेथीचे होते. आणि मुंबईपुरते बोलायचे, तर रेल्वेच्या रुळांलगत पिकणाऱ्या पालकाबद्दल वर्षानुवर्षे होत आलेली तक्रार औषधाची नाहीच. ती नाल्याच्या पाण्याची आहे.

(दृश्य: कापसाचे शेत. आवाज नाही, फक्त पंपाच्या दांड्याची लय.)

आतापर्यंतचा सगळा हिशेब खाणाऱ्याच्या बाजूने झाला. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. तो ते कृषी सेवा केंद्रातून आणतो, टाकीत कालवतो, पाठीवर पंप घेतो आणि छातीपर्यंत वाढलेल्या पिकातून चालत फवारतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कापूस नेहमीपेक्षा उंच वाढला होता, किडीचा जोर होता, दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती, आणि विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आपल्या ताटात अंशाने येणारी वस्तू त्यांच्या अंगावर तुषाराने पडत होती. शंभराव्या हिश्शाची मर्यादा, धुण्याची पद्धत, सोड्याचे पाणी, यांतले काहीही त्या शेतात लागू नव्हते. कापूस कोणी खात नाही, हे खरे. पण वांग्याच्या आणि टोमॅटोच्या शेतात पंप तोच असतो.

म्हणून सेंद्रिय माल चांगला का, या प्रश्नाला ‘कोणासाठी’ असे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. खाणाऱ्याला त्यातून मिळतो तो थोडा, बहुधा अनिश्चित लाभ. फवारणाऱ्याला मिळतो तो मोठा आणि उघड. जाहिरात मात्र नेहमी खाणाऱ्याच्या बाळाचा फोटो लावते.

उद्यापासून सगळेच सेंद्रिय करावे, असे म्हणणाऱ्यांसाठी श्रीलंकेचे उदाहरण ताजे आहे. तेथील सरकारने २०२१ च्या वसंतात रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली, भात आणि चहाचे उत्पादन कोसळले आणि वर्ष संपायच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. जगभरच्या तुलनांमध्ये सेंद्रिय शेतीचे उत्पन्न सरासरी २० ते २५ टक्क्यांनी कमी भरते, पीक आणि जमीन यांनुसार हा फरक कमी-अधिक होतो. जमिनीचा कस हळूहळू वाढवत, जीवामृत, हिरवळीचे खत आणि पीक फेरपालट सांभाळत काही वर्षांत बदलता येते. आदेश काढून एका हंगामात बदलता येत नाही. मधला मार्गही आहे: कीड मोजून, किडीच्या नरांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावून, मित्रकीटक राखून, औषध शेवटचा उपाय म्हणून वापरणारी एकात्मिक पद्धत. तिच्या मालाला बाजारात वेगळे चिन्ह नाही आणि म्हणून वेगळा भावही नाही.

(दृश्य: पुन्हा दादर. स्थानकाच्या जिन्याजवळ, छत्रीखाली रानभाज्या.)

पावसाच्या पहिल्या आठवड्यांत स्थानकाबाहेर पालघर-कर्जतकडच्या आदिवासी बाया टाकळा, कुरडू, फोडशी आणि शेवळं घेऊन बसतात. रानात उगवलेल्या या भाजीला कोणी खत घातलेले नाही की औषध मारलेले नाही. तिच्यावर कसलेही चिन्ह नाही, आणि शेजारून ऑर्गॅनिक दुकानाची पिशवी घेऊन जाणारे गिऱ्हाईक जुडीमागे पाच रुपयांची घासाघीस करून पुढे जाते. शेवळं घेतली, तर बाई जुडीबरोबर मूठभर हिरवी काकडं, म्हणजे काकड या झाडाची आंबट फळं, आठवणीने देते. ती न घालता भाजी शिजवली, तर घसा खाजून हैराण करतो. रानातल्या या निव्वळ नैसर्गिक भाजीच्या अंगी कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नवख्या गिऱ्हाइकाने पिशवी उचलली की बाई त्याला पुन्हा हाक मारते आणि बजावते, “काकडं टाकायला विसरू नका हां.”